कोलेस्टेरॉल, डॅलस आणि एक चुकलेला अंदाज

मागे एका शिक्षक-शिबिरात आम्ही फळ्यावर ‘कोलेस्टेरॉल’ एवढाच शब्द लिहिला आणि मनात पहिलं काय येतं ते सांगा, म्हटलं. तूप, अंड्याचा बलक, हार्ट अ‍ॅटॅक, रक्तातली घाण, तुंबलेला पाइप, अशी उत्तरं भराभर आली. पेशीच्या पटलाचं नाव कुणी घेतलं नाही. समोर बसलेले बहुतेक जण विज्ञानाचे शिक्षक होते, आणि खरं सांगायचं तर फळ्यापाशी उभे असलेल्या आमच्याही मनात आधी तूपच आलं होतं. आपल्या शरीरातली एकही पेशी कोलेस्टेरॉलवाचून धड राहू शकत नाही, पित्तातली आम्लं आणि कित्येक संप्रेरकं त्यापासूनच बनतात, हे आपण सगळे कधी ना कधी शिकलेलो असतो. पण तेलाच्या जाहिराती रोज दिसतात आणि पेशीचा धडा वर्षातून एकदा येतो.

त्या शिबिरानंतर आम्ही काही जणांनी एक जुना मजकूर एकत्र बसून वाचायला घेतला. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या दोन अमेरिकी डॉक्टरांना १९८५ सालचं वैद्यकाचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्या निमित्तानं ९ डिसेंबर १९८५ रोजी स्टॉकहोममध्ये दोघांच्या नावानं जे व्याख्यान झालं, त्याचा हा मजकूर. शीर्षक रुक्ष आहे. ‘कोलेस्टेरॉलचा तोल राखणारा, ग्राहीमार्फत चालणारा मार्ग’ असं काहीसं त्याचं मराठी होईल. आम्ही ते वाचलं ते शिक्षकाच्या नजरेनं: यातलं वर्गात काय नेता येईल, काय नेऊ नये, आणि कुठे हा मजकूर आपल्याला नकळत फसवतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. व्याख्यान चांगलं आहे, फारच चांगलं. पण ते ज्या गोष्टीसाठी नावाजलं जातं, म्हणजे ‘प्रयोगशाळेतल्या मूलभूत संशोधनातून हृदयरोगावरची गोळी निघाली’, त्या गोष्टीसाठी नव्हे.

सुरुवात थोडी समारंभी थाटाची आहे. कोलेस्टेरॉल हा जीवशास्त्रातला सर्वांत जास्त मानाची पदकं मिळवलेला छोटा रेणू, त्यावर काम करणाऱ्यांना तोवर तेरा नोबेल पारितोषिकं मिळालेली, १७८४ साली पित्ताच्या खड्यांतून तो पहिल्यांदा वेगळा काढला तेव्हापासून शास्त्रज्ञांना त्याची भूल पडलेली, असा तो परिच्छेद. मग जेनस या रोमन देवाची उपमा येते. त्याला दोन तोंडं असतात, तशी कोलेस्टेरॉललाही. उपमा परकी आहे, पण तिच्यामागचा मुद्दा पक्का आहे. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. या एकाच गुणामुळे ते पेशीच्या पटलात उपयोगी पडतं, आणि याच गुणामुळे चुकीच्या जागी साठलं तर तिथून सहजी हलत नाही. चांगलं कोलेस्टेरॉल वेगळं आणि वाईट वेगळं, अशी विभागणी आपण वर्गात करतो. रेणू मात्र एकच असतो. वेगळी असतात ती त्याला रक्तातून वाहून नेणारी वाहनं. त्यांतलं मुख्य वाहन एलडीएल, म्हणजे कमी घनतेचं मेदप्रथिन. त्याच्या एका कणाच्या पोटात कोलेस्टेरॉलचे सुमारे दीड हजार रेणू मेदाम्लांशी जोडलेल्या रूपात भरलेले असतात.

हे काम झालं कुठे, यालाही महत्त्व आहे. ते जीवरसायनाच्या विभागात सुरू झालं नाही. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस इथल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या ‘इंटर्नल मेडिसिन’ विभागात ते सुरू झालं. आपल्याकडे ज्याला नुसतं ‘मेडिसिन’ म्हणतात आणि सरकारी पाट्यांवर ‘औषधवैद्यकशास्त्र’ लिहितात, तोच हा विभाग. सकाळी वॉर्डात फेरी, बाह्यरुग्ण, विद्यार्थ्यांना रोग्यापाशी उभं करून शिकवणं, हा इथला दिवस. डोनाल्ड सेल्डिन १९५१ साली तिथे आले तेव्हा ते महाविद्यालय लष्कराच्या जुन्या बराकींत भरत होतं. पुढच्याच वर्षी ते विभागप्रमुख झाले आणि १९८८ पर्यंत राहिले. त्यांची एक पद्धत होती. हुशार विद्यार्थी हेरायचा, त्याला दुसरीकडे पाठवून एखादं नवं शास्त्र शिकायला लावायचं आणि परत आल्यावर जागा द्यायची. गोल्डस्टाइन हे त्यांचेच विद्यार्थी. आनुवंशशास्त्र शिकून ये, इथे त्याचा उपविभाग तुझ्या हाती देतो, असं सेल्डिननी त्यांना सांगितलं होतं आणि १९७२ मध्ये ते पाळलं. ब्राउन आदल्याच वर्षी तिथे आले होते, गोल्डस्टाइनच्या आग्रहावरून. बॉस्टनच्या रुग्णालयात उमेदवारी करताना दोघांची मैत्री जमली होती.

पण व्याख्यानाचा कणा विभाग नाही, एक आजार आहे. त्याचं नाव कुलागत अतिकोलेस्टेरॉल. १९३०च्या दशकात नॉर्वेत कार्ल म्यूलर यांनी तो घराण्यांतून चालत येतो हे दाखवलं आणि १९६४ साली बैरुतमध्ये अवेदिस खाचादुरियन यांनी त्याचे दोन प्रकार वेगळे केले. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलं, तर रक्तातलं कोलेस्टेरॉल सुमारे दुप्पट होतं आणि चाळिशीच्या आसपास हृदयविकार गाठतो. अशी माणसं पाचशेत एक, असं तेव्हा मानत. आता हे प्रमाण अडीचशेत एकाच्या जवळ असल्याचं दिसतं. दोघांकडूनही सदोष जनुक आलं, तर रक्तातलं एलडीएल जन्मापासूनच सहा ते दहा पट असतं. त्वचेवर, सांध्यांवर पिवळसर गाठी येतात आणि शाळकरी वयात हृदयविकाराचा झटका येतो. तो दुसऱ्या वर्षी आल्याचीही नोंद आहे. १९६८च्या सुमारास वॉशिंग्टनजवळच्या सरकारी संशोधन रुग्णालयात या दोघा तरुण डॉक्टरांनी अशी दोन लहान भावंडं पाहिली. या मुलांच्या आहारात दोष नव्हता. त्यांनी तूप खाल्लं म्हणून हे झालं नव्हतं. मग कोलेस्टेरॉल एवढं वाढतं कशानं?

इथून पुढची काही पानं आम्हाला सगळ्यात मोलाची वाटली.

पेशी कोलेस्टेरॉल दोन मार्गांनी मिळवू शकते: स्वतः तयार करून, किंवा बाहेरून घेऊन. तयार करण्याच्या साखळीतली कळीची पायरी एक विकर चालवतं. त्याचं नाव एचएमजी कोए रिडक्टेज. ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांचा अंदाज असा की या मुलांत त्या विकराचाच ताबा सुटलेला असावा. यकृत तपासणं सरळ होतं, पण मुलांच्या यकृताचे तुकडे कसे मागणार? म्हणून त्यांनी कातडीचा अगदी छोटा तुकडा घेतला आणि त्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. निरोगी माणसाच्या पेशींना एलडीएल असलेलं सीरम दिलं की विकराचं काम मंदावे. एलडीएल काढून घेतलं की ते वाढे. एलडीएल परत घातलं की पुन्हा मंदावे. एचडीएल घातलं तर काहीच फरक पडत नसे. आजारी मुलांच्या पेशींत मात्र हे विकर सदा जोरात, निरोगी पेशींच्या चाळीस ते साठ पट. एलडीएल घाला नाहीतर काढा, त्याला पत्ताच नाही.

अंदाज बरोबर ठरला, असं कुणालाही वाटेल. त्यांनाही वाटलं. १९७३ साली त्यांनी जो निबंध छापला त्याच्या शीर्षकातच विकराच्या नियंत्रणातला दोष असा उल्लेख आहे.

मग एक साधा प्रयोग झाला. त्यांनी कोलेस्टेरॉल एलडीएलच्या वाहनातून न देता अल्कोहोलमध्ये विरघळवून थेट बशीत घातलं. अशा रूपात ते पेशीत आपोआप शिरतं. आजारी मुलांच्या पेशींतलं विकर ताबडतोब मंदावलं, अगदी निरोगी पेशींसारखं. म्हणजे विकर ठीक होतं आणि त्याचं नियंत्रणही ठीक होतं. कोलेस्टेरॉल आत पोचलं की ते थांबत होतं. एलडीएलमधून ते आत पोचतच नव्हतं, हे खरं दुखणं.

व्याख्यानात हा सगळा प्रसंग दोन-चार वाक्यांत उरकलेला आहे. सर्वांत सोपा अर्थ विकर बिघडल्याचा होता आणि पुढच्याच प्रयोगानं तो खोटा पाडला, एवढं सांगून लेखक पुढे निघून जातात. ते पुढे जातात याचं कारण उघड आहे. स्टॉकहोमच्या सभागृहात ग्राहीचं कौतुक ऐकायला लोक जमलेले असतात, चुकलेल्या अंदाजाचं नव्हे. पण शिक्षकानं इथे थांबलंच पाहिजे. आपल्या पाठ्यपुस्तकांत शास्त्रज्ञाच्या मनात येतं ते नेहमी बरोबरच असतं, आणि प्रयोग हा फक्त शिक्कामोर्तब करायला असतो. इथे तसं नाही. हाती आलेले आकडे अंदाजाला पुरेपूर जुळत होते, निबंध छापून झाला होता, आणि तरीही आणखी एक प्रश्न विचारला गेला: हेच आकडे दुसऱ्या कुठल्या कारणानं आले असतील का?

आम्ही हे नववीच्या एका वर्गात करून पाहिलं, कोलेस्टेरॉलचं नाव न घेता. फळ्यावर एक घर काढलं. घरात पाण्याची टाकी. टाकीत पाणी दोन ठिकाणांहून येतं: नगरपालिकेच्या नळातून आणि अंगणातल्या विहिरीवरच्या पंपातून. टाकीत तरंगता गोळा आहे, टाकी भरली की तो पंप बंद करतो. आता एका घरात पंप रात्रंदिवस चालू आहे. काय बिघडलंय? सगळ्या मुलांनी एका सुरात सांगितलं, गोळा बिघडलाय. आणखी काही असू शकेल का? बराच वेळ शांतता. मग मागच्या बाकावरून उत्तर आलं, नळाचं पाणी टाकीत येतच नसेल. तपासणार कसं? टाकीत बादलीभर पाणी ओतायचं, सर, पंप बंद झाला तर गोळा चांगला आहे.

ती बादली म्हणजेच अल्कोहोलमधलं कोलेस्टेरॉल. आणि टाकीत न शिरलेलं नळाचं पाणी रस्त्यावर साठत राहतं, तसं पेशींनी न घेतलेलं एलडीएल रक्तात साठत राहतं. (पाइप तुंबण्याची उपमा नको म्हणणारे आम्ही पुन्हा नळांकडेच वळलो, हे खरं. पण ही उपमा पेशीच्या कारभाराची आहे, रक्तवाहिनीची नाही. रक्तवाहिनीत कोलेस्टेरॉल पाइपातल्या गंजासारखं आतल्या बाजूला चिकटत नाही. ते वाहिनीच्या भिंतीच्या आत शिरून साठतं, तिथे पांढऱ्या पेशी जमतात, सूज येते, आणि एखाद्या दिवशी ती जागा फुटून रक्ताची गुठळी होते. पाइपची उपमा वर्गातून हद्दपार करावी असं आमचं स्पष्ट मत आहे.)

पुढचा शोध मग ओघानं आला. एलडीएलला किरणोत्सारी आयोडीन जोडून त्यांनी पाहिलं. निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर ते घट्ट बसत होतं, आजारी मुलांच्या पेशींवर बसत नव्हतं. पृष्ठभागावर एलडीएलला ओळखून धरणारं प्रथिन असतं, तोच एलडीएलचा ग्राही. १९७४च्या निबंधाच्या शीर्षकात आता सदोष बंधनाचा उल्लेख आधी येतो आणि विकराचा नंतर. एका वर्षात शीर्षक बदललं ते असं. एकच सदोष जनुक असलेल्या माणसांच्या पेशींवर हे ग्राही सुमारे निम्मे निघाले. मेंडेलचे वाटाणे शिकवून कंटाळलेल्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर वापरावं. दोन चांगली जनुकं असली तर पूर्ण ग्राही, एक असलं तर अर्धे, एकही नसलं तर शून्य. जनुकाची मात्रा अशी मोजून दाखवणारी उदाहरणं फार नाहीत.

व्याख्यानात एक मुलगा येतो. त्याचं नाव फक्त आद्याक्षरांनी, जे. डी. एवढंच. त्याच्या पेशींवर एलडीएल नीट बसत होतं, पण आत जात नव्हतं. दाराशी पाहुणा उभा, कडीही हातात धरलेली, पण दार उघडत नाही, अशी अवस्था. रिचर्ड अँडरसन यांच्यासोबत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावर कळलं की निरोगी पेशीत हे ग्राही पृष्ठभागावर कुठेही विखुरलेले नसतात. ते बहुतांशी छोट्या खळग्यांत जमलेले असतात. हे खळगे पृष्ठभागाचा जेमतेम दोन टक्के भाग व्यापतात, पण निम्म्याहून जास्त ग्राही तिथे असतात. खळगा आत खचतो, त्याची पिशवी होते, एलडीएल आत नेलं जातं आणि ग्राही परत वर येतो. एक फेरी सुमारे दहा मिनिटांची. जे. डी.चे ग्राही खळग्यांत जमतच नव्हते. आईकडून त्याला ग्राही न बनवणारं जनुक मिळालं होतं आणि वडिलांकडून हे न जमणाऱ्या ग्राहीचं. पुढे १९८६ मध्ये दोष नेमका सापडला. ८३९ अमिनो आम्लांच्या त्या प्रथिनाच्या शेपटीकडे एक टायरोसिन जाऊन तिथे सिस्टीन आलं होतं. एका अमिनो आम्लाचा फरक. पेशी बाहेरच्या वस्तू आत कशा घेतात, याबद्दलचं आजचं कितीतरी ज्ञान या एका मुलाच्या कातडीच्या तुकड्यावर उभं आहे.

यानंतर मात्र व्याख्यानाची चाल बिघडते. ग्राहीच्या जनुकाची रचना, त्याचे तुकडे, ते दुसऱ्या कोणत्या प्रथिनांतल्या तुकड्यांसारखे दिसतात, हा भाग १९८५ साली अगदी ताजा होता आणि लेखकांचा उत्साह समजण्यासारखा आहे. पण विषयाबाहेरचा वाचक इथे दमतो. आमच्या बैठकीतले दोघे जण इथूनच गळाले. जपानमध्ये योशिओ वातानाबे यांना सापडलेल्या, याच आजाराच्या सशांची गोष्ट येते तेव्हा मजकुरात पुन्हा जीव येतो.

आता गोळीकडे. लोकप्रिय सांगण्यात क्रम असा असतो: डॅलसमध्ये ग्राही सापडला, त्यावरून स्टॅटिन नावाची औषधं निघाली. प्रत्यक्षात अकिरा एन्डो यांनी तोक्योत, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, १९७१ मध्येच शोध सुरू केला होता. डॅलसचं काम तेव्हा उभंही नव्हतं. बुरशीसारखे काही सूक्ष्मजीव शत्रूंपासून बचाव करण्यासाठी कोलेस्टेरॉल बनवण्याची वाट अडवणारं रसायन सोडत असतील, असा त्यांचा तर्क. हजारो नमुने तपासल्यावर पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत त्यांना कॉम्पॅक्टिन सापडलं. ते रिडक्टेज हे विकरच अडवतं. त्याबद्दलचे निबंध १९७६ मध्ये छापून आले. त्यानंतर दोन्ही वाटा एकत्र आल्या. १९७८ साली ब्राउन, गोल्डस्टाइन आणि एन्डो यांच्या नावानं एक निबंध निघाला. त्यात दिसलं ते चमत्कारिक होतं. कॉम्पॅक्टिन दिलेली पेशी गप्प बसत नाही. विकर अडवलं म्हणून ती आणखी विकर बनवू लागते.

मग औषधाचा उपयोग काय? उत्तर ग्राहीत आहे. घरचा पंप अडवला की घरवाले नगरपालिकेची आणखी जोडणी घेतात, तशी यकृताची पेशी पृष्ठभागावर जास्त ग्राही उभे करते आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेते. हे उत्तर मात्र डॅलसचंच, आणि एकच सदोष जनुक असलेल्या रुग्णांवर १९८३ पर्यंत त्याच गावच्या डॉक्टरांनी ते तपासूनही पाहिलं होतं. औषध सापडलं एकीकडे, ते का चालतं हे कळलं दुसरीकडे. १९८७ साली लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत परवानगी मिळाली. एन्डो २०२४ मध्ये वारले. नोबेल त्यांना मिळालं नाही.

लोकप्रिय सांगण्यात आणखी एक गोष्ट गाळली जाते. १९८५ साली स्टॅटिन घेऊन माणसं जास्त जगतात याचा पुरावा कुणाकडेच नव्हता. रक्तातला आकडा उतरतो, एवढंच माहीत होतं. पुरावा आला तो १९९४ मध्ये, उत्तर युरोपातल्या देशांत ४४४४ हृदयरुग्णांवर झालेल्या चाचणीतून. सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांत एकूण मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. व्याख्यान वाचताना ही नऊ वर्षं ध्यानात ठेवायला हवीत. बशीतली पेशी, ससा, रक्ताचा अहवाल आणि माणसाचं आयुष्य या चार वेगळ्या गोष्टी आहेत.

व्याख्यानाच्या अखेरीस एक आकडा आहे आणि त्यावर आमच्या बैठकीत सर्वांत जास्त वाद झाला. पेशींना लागणारं एलडीएल मोजून लेखक म्हणतात की रक्ताच्या एका डेसिलिटरमागे एलडीएलमधलं २५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल माणसाला पुरावं. पाश्चात्त्य देशांत सर्रास आढळणाऱ्या पातळीच्या हे सुमारे एकपंचमांश. नवजात बाळाची पातळी याच्याच आसपास असते. आदल्या वर्षी, नोव्हेंबर १९८४ मध्ये, ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या लेखात त्यांनी याचा परिणामही सांगितला होता: एवढी खालची पातळी आहारानं गाठायची तर दूधदुभतं आणि अंडी पूर्ण सोडावी लागतील, मांस जेमतेम. पण सगळ्या समाजावर असा आहार लादणं योग्य नाही, असंही ते तिथेच म्हणतात. त्यांचा भर ज्यांना धोका जास्त आहे त्यांना ओळखून औषध देण्याकडे.

इथे आमचा मतभेद आहे. हा मेडिसिन विभागातल्या डॉक्टरचा स्वभाव झाला. त्याच्यासमोर एक रोगी बसलेला असतो. त्याच १९८५ साली लंडनच्या जॉफ्री रोझ यांनी एक निबंध लिहिला होता. त्यांचा मुद्दा असा की थोड्या लोकांना मोठा धोका असण्यापेक्षा पुष्कळ लोकांना थोडा धोका असेल, तर एकूण रोगी दुसऱ्या गटातून जास्त येतात. पूर्व फिनलंड आणि जपान यांच्या कोलेस्टेरॉलच्या आलेखांत दोन्ही समाज अख्खेच्या अख्खे एकमेकांपासून सरकलेले दिसतात. या माणसाला का झालं आणि या समाजात इतकं का होतं, हे दोन प्रश्न वेगळे. नोबेल व्याख्यान पहिल्याचं उत्तर अप्रतिम देतं आणि दुसऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन मागे वळतं. आमच्यातल्या एका बाईंनी मात्र लेखकांची बाजू घेतली. म्हणाल्या, ज्या घरात मुलांना पावशेर दूध पुरत नाही तिथे जाऊन दूध सोडा म्हणणारा डॉक्टर मला तरी नको. यावर आम्हाला लगेच उत्तर सुचलं नाही.

त्या २५ आकड्याची गोष्ट मात्र पुढे गेली, आणि तीही त्याच डॅलसच्या मेडिसिन विभागात. २००३ साली पॅरिसच्या गटाला पीसीएसके-९ नावाचं जनुक सापडलं. त्याचं प्रथिन ग्राहींचा नाश करतं आणि ते जास्त जोरात चाललं तर कुलागत अतिकोलेस्टेरॉल होतं. हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला: हे जनुक बिघडून बंद पडलेली माणसं असतील का? डॅलसच्या रहिवाशांच्या मोठ्या पाहणीत आफ्रिकी वंशाच्या सुमारे दोन टक्के लोकांत तसं आढळलं. त्यांचं एलडीएल खाली होतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या नोंदींत, असा बदल असलेल्या कृष्णवर्णीयांचं एलडीएल २८ टक्के कमी आणि हृदयरोगाचा धोका ८८ टक्के कमी निघाला. जन्मभर थोडं कमी असणं हे उतारवयात खूप कमी करण्यापेक्षा जास्त कामी येतं, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी अशी एक बाई सापडली जिच्यात या जनुकाच्या दोन्ही प्रती बंद होत्या. तिचं एलडीएल कोलेस्टेरॉल होतं १४. बाई निरोगी होती. स्टॉकहोमचा २५ आकडा बशीतल्या पेशींवरून काढलेला होता आणि वीस वर्षांनी त्याहूनही खाली असलेलं चालतंबोलतं माणूस समोर आलं. हे प्रथिन अडवणारी औषधं २०१५ पासून मिळू लागली.

आता शेवटची तक्रार, आणि ती व्याख्यानापेक्षा त्याच्या वाचकांविषयी जास्त आहे. स्टॅटिन ग्राही वाढवतं. ज्याच्याकडे चांगल्या जनुकाची एक प्रत आहे त्याला त्याचा फायदा होतो. ज्या मुलांकडे एकही नाही, म्हणजे ज्यांच्या कातडीवर हे सगळं शोधलं गेलं, त्यांना फार थोडा. १९८४ साली टेक्सासमधल्या सहा वर्षांच्या अशा एका मुलीला पिट्सबर्गमध्ये हृदय आणि यकृत एकाच वेळी बदलून बसवलं. नव्या यकृतावर ग्राही होते. तिचं एलडीएल सुमारे ऐंशी टक्क्यांनी उतरलं, आणि ग्राहींचं खरं घर यकृत आहे याचा तो लख्ख पुरावा ठरला. ती तेराव्या वर्षी, १९९० मध्ये गेली. अशा मुलांसाठी, ज्यांना ग्राहीची गरजच नाही अशी औषधं यायला २०१२ आणि २०२१ साल उजाडलं, आणि त्यांची किंमत जगातल्या बहुतेक आईबापांच्या आवाक्याबाहेर आहे. स्टॅटिनच्या गोळ्या मात्र आज आपल्या तालुक्याच्या औषधदुकानातही मिळतात. ‘एका दुर्मिळ आजाराच्या अभ्यासानं कोट्यवधींचं भलं झालं’ हे वाक्य आपण वर्गात म्हणतो, तेव्हा दुर्मिळ आजार असलेल्यांचं काय झालं, असा प्रश्न एखाद्या मुलानं विचारला तर आपल्याकडे उत्तर असावं.

व्याख्यान वाचायला घेणाऱ्यांना एक सूचना. पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. कातडीच्या पेशींच्या प्रयोगांपासून घ्या, अल्कोहोलच्या वाक्यापाशी पुस्तक मिटा, आणि पुढचा प्रयोग काय करावा हे आधी आपापसांत ठरवा. मग उघडा. जनुकाच्या रचनेची पानं पहिल्या वाचनात सोडली तरी चालेल. जे. डी.चा भाग सोडू नका.